ऑईल टाकलं का?

नगर जिल्ह्यात माज्याएवढ्या मोटारी चालवलेला दुसरा गडी दाखवा, मी मिशी उतरवतो. त्यातली एकबी मोटार माझी नव्हती, आन् मिशी तर मला आधीपास्नंच न्हाई.

ह्या अंकाचे संपादक त्यांची गाडी सर्व्हिसिंगला द्यायचे, तवाची वळख. म्हनले, मामा, तुमच्या कामाचं लिव्हा कायतरी. आता मी शाळा बाहेरून बघितलेला मानूस. एकदा आत गेल्तो, पन बुड टेकायच्या आधीच मास्तरानं हाकललं, कारन मी म्हशीसकट गेल्तो. म्हनून ह्ये मी मोबाईलमधी बोलतोय आन् त्यो लिव्हतोय. मधीच त्यो म्हनतो, "कृपया पुन्हा बोला." खोटं न्हाई सांगत, लई बरं वाटतं. मी बोलल्यावर "पुन्हा बोला" म्हननारा ह्या जल्मात ह्यो पयलाच.

तर माझं काम. शोरूम म्हनलं की लोकान्ला काचा दिसत्यात, एसी दिसतो, गळ्यात टाय बांधलेली पोरं दिसत्यात. त्ये म्होरल्या अंगाला. मागं पत्र्याचं शेड आसतं, तिथं गाड्यांचं पोट फाडून सर्व्हिसिंग चालतं. मी म्होरलाबी नव्हतो आन् मागलाबी नव्हतो. मी पिकप-ड्रॉपवाला. म्हंजे गिऱ्हाइकाला शोरूमला यायला येळ न्हाई, तर आपुन त्याच्या घरी जायचं, गाडी आनायची, शेडात घालायची, सर्व्हिसिंग झालं की परत त्याच्या दारात नेऊन लावायची. चावी दिली की आपुन पायी फाट्यावर. मंग येस्टी येती नायतर काळी-पिवळी. जाताना एसीत राजावानी आन् येताना कुनाच्या तरी मांडीवर.

दुसऱ्याच्या गाडीत एकटं बसायचं ह्ये लई इचित्र काम हाय. आरसा त्याच्या उंचीला लावलेला, सीट त्याच्या पायाच्या मापाची, रेडिओवर त्याच्या आवडीचं लागलेलं. मागच्या सीटखाली बारक्या पोराचा एक मोजा, डॅशबोर्डवर त्यांचा देव, पट्ट्याला बाईच्या गजऱ्याचा वास. सगळं घर गाडीत हाय, फकस्त मानसं न्हाईत, आन् मधी मी. मी सीटला हात लावायचो न्हाई. मालकाला त्याची गाडी त्याच्याच मापाची मिळाली पायजे. म्हंजे अख्खी नोकरी मी दुसऱ्याच्या मापात गुडघे दुमडून बसलो. आता गुडघे त्याचं भाडं मागत्यात.

गिऱ्हाइकं एकेक नग. नेवाशाची एक बाई गाडीसंगं डबा द्यायची. मला न्हाई, मेकॅनिकला. म्हनायची, "उपाशीपोटी मानूस ब्रेक ढिले करतो." अकोले तालुक्यातल्या एकानं डिकीत कोंबडी इसरली. शेडात डिकी उघडली तर अंडं. त्यानं फोनवर आधी अंड्याची चौकशी केली, मंग गाडीची. पन ह्या सगळ्यांचं एक सारखं हुतं. गेटच्या फटीतनं चावी घ्यायची, गेट लावायचं. मानूस गाडीसंगं आलाय ह्ये त्यांच्या ध्यानातबी नसायचं. स्टेपनी जशी गाडीसंगं येती, तसा मी.

एक घर सोडून. घोडेगावचे अप्पा.

घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो, सगळ्यान्ला ठावं हाय. अप्पा तिथले म्हशीचे येपारी. गावाबाहेर घर, म्होरं गोठा, गोठ्याच्या कडंला डिझेलची मोटार बांधल्यावानी लावलेली. मी पयल्यांदा गेलो तवा काकू आतनं म्हनल्या, "भाऊ, बसा की." आन् अप्पांनी पायानं प्लास्टिकची खुर्ची म्होरं ढकलली. बास, येवढंच. पन मी घरी आल्यावर त्या खुर्चीचाच इचार करत ऱ्हायलो.

त्याला कारन हाय. माझी बायकू वारली तवापास्नं केडगावच्या खोलीत बोलायला एक पंखा. त्योबी लाईट आसल्यावर. पोरगी संगमनेरला दिली, ती फोन करती, "पप्पा जेवलात का?" मी म्हनतो व्हय. संपलं. दिवसभर गाडीत एकटा, सांजंला खोलीत एकटा. म्हनून घोडेगावची गाडी आली की मी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातापाया पडून ती पाळी मागून घ्यायचो. तिथं गेलं की खुर्ची, चहा, म्हशीच्या गप्पा. अप्पा सांगायचे, म्हशीचं दूध शिंगावरनं कळतं. मी सांगायचो, मोटारीचं ॲव्हरेज मालकाच्या तोंडावरनं कळतं. काकू हसायच्या. कुनाला तरी हसवून मानूस घरी गेला की खोली जरा मोठी वाटती. मी मनाशी धरलं हुतं, नगर जिल्ह्यात आपलं एक घर हाय, घोडेगावला.

आता ऑईलचं सांगतो, न्हाईतर तुमी म्हनाल मामा भरकटला.

मोटारीच्या इंजिनात ऑईल आसतं. लोखंडावर लोखंड फिरतं, मधी ऑईल नसलं तर दोन्ही एकमेकाला खात्यात आन् एक दिवस इंजिन जाम. सर्व्हिसिंगला खालचा नट काढायचा, जुनं काळं ऑईल ट्रेमधी पाडायचं, नट आवळायचा, वरनं नवं ऑईल मापानं ओतायचं. आत एक लांब पट्टी आसती. ती उपसून बघितली की किती भरलंय त्ये कळतं. सोपं काम. म्हनूनच चुकतं.

त्या दिवशी घोडेगावची गाडी बबनकडं हुती. बबन पाथर्डीकडचा. त्याच्या घरात सगळे कोयता घेऊन ऊस तोडायला जात्यात, पत्र्याच्या सावलीत काम करनारा ह्यो पयलाच. हात चांगला, पन डोकं एकावेळी एकच काम करनारं. त्यानं जुनं ऑईल पाडलं, नट लावला, वरनं नव्याचं पयलं माप ओतलं, तेवढ्यात मॅनेजरसाहेब वरडले, "बबन, ट्रे सांडतोय! ते आधी टाक जाऊन!" बबननं धूळ जाऊ नये म्हनून टोपन लावलं, ट्रे उचलला, मागं डरममधी रिकामा केला. येतोय तवर त्याला दुसऱ्या गाडीखाली घातलं.

आन् तिथं मी पोचलो. मला घाई. चहाच्या टायमाला घोडेगाव गाठायचं हुतं. बबनचे नुसते पाय दिसत हुते. मी पायान्लाच इचारलं, "बबन्या, घोडेगावच्या गाडीत काय ऱ्हायलंय? ऑईल टाकलं का?"

पाय म्हनले, "टाकलं."

मी बॉनेट दाबलं, पट्टी बघितली न्हाई, निघालो. सुपरवायजर जेवायला गेल्ता, कागदावर त्याची सही आधीच हुती. सगळं कसं जुळून आलं बगा. चांगल्या कामाला येवढी मानसं कवा जमत न्हाईत.

इमामपूरचा घाट उतरताना म्होरल्या काचेखाली तांबडा दिवा लागला. ऑईलचा दिवा किटलीवानी दिसतो. ब्रेक दाबला की पेटायचा, सोडला की इझायचा. मला कळत नव्हतं आसं न्हाई. मला कळलं हुतं, पन मी त्याला म्हनलं, आसंल वायरिंगचं. मानसाला जिथं पोचायचं आसतं तिथं पोचायच्या आधी त्यो दिव्याचं ऐकत न्हाई. खाली पांढरीच्या पुलापशी आलो तर इंजिन टिकटिक करायला लागलं, सुपारी फोडल्यावानी. मंग मातूर थांबलो. पट्टी उपसली. टोकाला नुसता थेंब.

फोन लावला.

"बबन्या, त्या गाडीत ऑईल टाकलं का?"

"मगाशी सांगितलं की मामा. टाकलं."

"कुठं टाकलं?"

"डरममधी."

"कशाच्या डरममधी?"

"मागच्या. तुमी इचारलं टाकलं का, मी म्हनलं टाकलं. साहेब वरडत हुते ना, टाक म्हनून."

"आरं नवं! नवं टाकलं का?"

 मंग बबन बारीक आवाजात म्हनला, "एकच माप ओतलंय, मामा. बाकीचं ऱ्हायलंय. माझं नाव घेऊ नगा, पाया पडतो."

मी रस्त्याच्या कडंला मैलाच्या दगडावर बसलो. आपल्या बोलीत भाजीत मीठ टाकत्यात आन् उकिरड्यावर केरबी टाकत्यात. आजवर कवा नडलं न्हाई. नडलं त्ये अप्पाच्या इंजिनात.

मंग मॅनेजरसाहेबाला फोन. साहेब पुण्याचे, बोलायला गोड. "काका, लाईट किती वेळ लागली होती?"

मी म्हनलं, "साहेब, लागत हुती, जात हुती. आपल्या लाईटीसारखीच."

"विनोद नको. तिथल्या दुकानातून ऑईल घ्या, पूर्ण भरा. आवाज बंद झाला तर गाडी देऊन या. कस्टमरला काही बोलायचं नाही. काहीही झालेलं नाही, समजलं?"

ऑईल भरलं. टिकटिक थांबली. इंजिन गुमान चालायला लागलं. आता आतमधी काय खाल्लं गेलंय का न्हाई, ह्ये कुनालाच सांगता येनार नव्हतं. उद्या जाम व्हईल, नायतर धा वर्सं काय व्हनार न्हाई. आन् मी काय सांगितलं तर अप्पा मला दारात हुभं करतील का, ह्याचाच मला घोर. बोललो न्हाई तर अप्पा फसले. बोललो तर घर गेलं. घर म्हंजे काय, एक खुर्ची. पन माझ्याकडं दुसरी कुठं हुती?

ठरवलं, गप बसायचं.

गेलो. काकूंनी चहा दिला. मी बशीत ओतला, फुंकर मारली, एकबी इनोद केला न्हाई. काकू म्हनल्या, "भाऊ, बरं न्हाई का?"

अप्पा म्हनले, "बरं झालं गाडी आली. उद्या हिला राजूरला न्यायची. हिची भन पडलीय आजारी."

काकू म्हनल्या, "भाऊ, तिकडं लई घाट. चढंल ना गाडी नीट?"

मी म्हनलं, "चढंल." आन् माझी जीभ, जी जल्मात कवा योग्य जागी गप बसली न्हाई, ती म्होरं म्हनली, "पन नगा नेऊ."

सगळं सांगितलं. दिवा, टिकटिक, पट्टीचा थेंब. बबनचं नाव न घेता म्हनलं, मी इचारलंच चुकीचं. साहेबाचं सांगितलं न्हाई, पन मी खोटं बोलताना माझे कान हालत्यात, अप्पांनी त्ये वळखलं आसनार.

मला वाटलं अप्पा शिव्या घालतील. शिव्या देनारं गिऱ्हाईक चांगलं, त्ये परत येतं.  पन बाजारात अप्पांचा नेम हुता, म्हशीला लाथ मारायची खोड आसंल तर इकताना आधी सांगायची. सांगितल्यावर सौदा मोडला तरी चालंल. त्यांनी फकस्त येवढंच इचारलं, "आन् आल्यापास्नं काय करत हुतास?"

"चहा पीत हुतो, अप्पा."

त्यांनी चावी खिशात घातली आन् गोठ्यात गेले. दुसऱ्या दिशी काकू राजूरला येस्टीनं गेल्या, दोनदा गाडी बदलून. ह्ये मला मागनं कळलं.

अप्पांनी शोरूमला फोन लावला, तसे साहेब सवता आले, फुलांचा गुच्छ घेऊन. मला संगं आनलं, रस्ता दावायला. अप्पांनी गुच्छ घेतला आन् खाटंवर ठिवला. खाटंला म्हैस बांधलेली.

साहेब म्हनले, "अप्पा, तुमच्या गाडीला काहीही झालेलं नाही."

"उघडून बघितलं का?"

"बघायची गरजच नाही."

"मंग फुलं कशाला आनली?"

तेवढ्यात म्हशीनं फुलं खाल्ली, कागदासकट. मला हसू आलं, पन कुनीच हसलं न्हाई म्हनून खोकलो.

गाडी टो करून शेडात आनली. अप्पा तिथं डबा पालथा घालून बसले, इंजिनाच्या खालचं चेंबर उतरवीपातूर हालले न्हाईत. बबनच्या हातातनं पाना दोनदा पडला. ऑईलमधी चिमूटभर चमक दिसली, लोखंडाच्या भुकटीची. साहेब म्हनले, प्रत्येक इंजिनात असते. हेड मेकॅनिक म्हनला, आसती बी आन् नसती बी.

अप्पा म्हनले, "झालं न्हाई म्हन्ता. व्हनार न्हाई आसं म्हना."

"असं कसं सांगता येईल?"

"मंग लिव्हून द्या. म्होरं इंजिन बसलं तर तुमचं."

लई फोनाफोनी झाली. शेवटी बेअरिंगा नव्या टाकल्या, आन् शोरूमनं शिक्क्यासकट लिव्हून दिलं. बबनला काढलं न्हाई. पन तवापास्नं आमच्या शेडात "टाकलं" म्हनायला बंदी. नवं ऑईल "भरलं", जुनं "फेकलं". भिंतीवर बोर्ड लावला. मला वाचता येत न्हाई, पन त्यो माझाच बोर्ड म्हनून येनाऱ्या-जानाऱ्याला मी दावायचो.

मला साहेबांनी केबिनमधी बोलावलं. "काका, तुम्ही फार बोलता."

मी म्हनलं, "साहेब, लोक म्हनत्यात खरं."

"उद्यापासून तुम्ही यार्डात."

यार्ड म्हंजे एमआयडीसीच्या पल्याड तारंचं कुंपन घातलेलं माळरान. इकायच्या नव्या गाड्या तिथं रांगंनं लावलेल्या आसत्यात. मानूस एकच, मी. काम काय, तर बॅटरी उतरू नये म्हनून रोज रांगंनं एकेका गाडीत बसायचं, चालू करायची, जरा येळ थांबायचं, बंद करायची, उतरायचं, दुसरीत बसायचं. सीटवर पलास्टिक. कुनाचा वास न्हाई, मोजा न्हाई, देव न्हाई. आजून कुनाचीच न झालेली गाडी. सगळ्या आरशात मीच. साहेबांनी मला तिथं टाकलं. आता ह्ये टाकलं म्हंजे आत भरलं का भाईर फेकलं, त्ये मी इचारलं न्हाई. रिटायर झालो त्ये तिथनंच.

पन यार्डात जायच्या आदल्या दिशी अप्पाची गाडी तयार झाली. मी साहेबाला म्हनलं, येवढी एक ड्रॉप मला द्या, मंग काय मागनार न्हाई. साहेबांनी हात जोडले आन् चावी दिली. बबननं माझ्यासमोर पट्टी उपसून दावली, फडक्यानं पुसून परत दावली, म्हनला, "मामा, भरलंय. भरलंय. भरलंय." घाट मी बैलगाडीच्या चालीनं उतरलो. रस्ताभर मनात बोलनी जुळवत हुतो. अप्पा रागावले आसतील तर काय म्हनायचं, काकू रुसल्या आसतील तर कुठला इनोद काढायचा. लपवून ठिवलं आसतं तर चांगलं झालं आसतं का, ह्येबी इचारायचं हुतं. शिव्या घातल्या तर ऐकून घ्यायच्या, आन् मंग खुर्चीवर बसायचं.

काकू राजूरहून आलेल्या हुत्या. दारात उभ्या ऱ्हाऊन म्हनल्या, "आली का गाडी," आन् आत गेल्या. खुर्ची भिंतीला टेकवून ठिवलेली. अप्पांनी सवता बॉनेट उघडलं, पट्टी उपसली, धोतराला पुसली, परत घातली, परत उपसली. मान हालवली. मी तिथंच हुभा.

मी म्हनलं, "अप्पा, माझी ड्युटी बदलली. मी आता येनार न्हाई."

"बरं."

"दुसरं पोरगं यील गाडी न्यायला."

"येऊ दे की."

मंग मला ऱ्हावलं न्हाई. म्हनलं, "अप्पा, माज्यावर राग हाय का तुमचा?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. पयल्यांदाच नीट बघितलं आसावं. खरंच बुचकळ्यात पडले हुते.

"तुज्यावर? शोरूमवर राग हुता, त्यो मिटला. तुज्यावर कशाला रागवू? तू काय माझा पावना हायेस का भाऊबंद? चावी दे आन् बाजूला सर, म्हशीला पानी दावायचंय."